पानिपतातून अधू पाय घेऊन परतलेल्या महादजी शिंदेंनी आग्र्यात दहा रुपयांत बंदूक तयार करून दाखवली होती

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आसगाव नावाचं गाव आहे. धानाची शेती, जवळ उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचं जंगल, आणि पीक तोंडाशी आलं की रानडुकरांचा धुमाकूळ. या पट्ट्यातल्या माणसाला ‘भरमार’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मग बार काढायचा. पुण्याकडे हिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. पेपरात ‘भरमार जप्त’ अशी बातमी आली की ती हीच.

आता गंमत बघा. अमेरिकेत या बंदुकीचं चक्क किट मिळतं. नळी, चाप, अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, पितळी पट्ट्या असं सगळं खोक्यात येतं आणि लोक महिनोन्‌महिने कानस आणि पॉलिशपेपर घेऊन ती जुळवत बसतात. आपल्याकडे हा उद्योग कोणी करायला जाऊ नका, परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

पण सुटे भाग घडवायचे, ते एकमेकांत बसवायचे आणि त्यातून चालणारी बंदूक उभी करायची, हे काम एका मराठी माणसाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी हजारोंच्या संख्येने करून घेतलं होतं. त्या माणसाचं नाव महादजी शिंदे.

महादजी म्हटलं की आपल्याला दिल्लीचं तख्त आठवतं, वानवडीची छत्री आठवते. आग्र्याचा कारखाना मात्र कोणाला आठवत नाही. आणि या माणसाच्या आयुष्यात तोच सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे.

सुरुवातीपासून सांगतो.

शिंदे मूळचे साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंद्यांनी थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात जम बसवला. महादजी हे त्यांचे चिमाबाईंपासून झालेले चिरंजीव, जन्म १७३० च्या सुमाराचा. घरात ते धाकट्यांपैकी होते, त्यामुळे सरदारकी आपल्याकडे येईल असं त्यांनाही कधी वाटलं नसावं. पण या घराने उत्तरेत जी किंमत मोजली ती भयानक होती. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, तिथे तुकोजी गेले आणि जयाप्पांचा मुलगा जनकोजीही गेला.

महादजी वाचले ते कसेबसे. एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला आणि पायावर घाव घालून त्यांना मेले समजून सोडून दिलं. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. पाय कायमचा अधू झाला. महादजींनी राणेखानाला पुढे भाऊ मानलं आणि फौजेचा सरदार केलं. कोणाचे उपकार लक्षात ठेवायचे हे त्यांना नीट कळत होतं (कोणाचे अपकार लक्षात ठेवायचे, हेही).

पानिपतात मराठ्यांकडे बंदुका नव्हत्या असं नाही. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्या, त्यांच्या तोफा-बंदुकांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. पण मधेच आपलेच घोडेस्वार पुढे घुसले, गारद्यांचा मारा अडला आणि डाव फिरला, असं सांगितलं जातं. म्हणजे शस्त्र होतं, पण त्याच्याभोवती लढाई बांधायची सवय नव्हती.

सरदारकी मिळायलाही महादजींना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ती १७६८ मध्ये पक्की झाली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशाह मराठी फौजेच्या पहाऱ्यात दिल्लीत परतला, त्यामागे महादजी होते. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यायला लावलं, तिथेही महादजी होते.

आणि मग त्यांना एक जोरदार फटका बसला.

ऑगस्ट १७८० च्या एका रात्री इंग्रजांचा कॅप्टन पॉपहॅम शिड्या लावून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढला. हा किल्ला कोणी घेऊ शकत नाही असं सगळा हिंदुस्थान मानत होता. तो एका रात्रीत गेला. १७८१ मध्ये कॅमॅक नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने रात्री महादजींच्याच छावणीवर छापा घातला. दोन्ही वेळा इंग्रजांची माणसं थोडी होती. पण ती रांगेत चालत होती, रांगेत बार काढत होती आणि अंधारातही हुकूम ऐकत होती.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, त्यात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये महादजी जामीन राहिले. बाहेरून बघणाऱ्याला ते जिंकल्यासारखे दिसत होते. पण इंग्रजांचं बळ कशात आहे, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता.

इथे थोडं थांबून बंदूक समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तेव्हा आपल्याकडे सगळीकडे होती ती तोडेदार बंदूक. तोडा म्हणजे जळती वात. चाप ओढला की वात खाली येऊन रंजकाला, म्हणजे कानावरच्या बारीक दारूला लागायची आणि नळीतली दारू पेटायची. नेम धरायला ही बंदूक उत्तम होती. आपले कारागीर तिच्या नळ्या इतक्या चांगल्या बनवायचे की कित्येक युरोपियनांनी त्यांचं कौतुक केलंय. पण प्रत्येक शिपायाच्या हातात जळती वात आणि कमरेला दारू. शेजारच्याची ठिणगी उडाली तर संपलं. म्हणून माणसं लांब लांब उभी करावी लागत. पावसात वात विझायची, आणि रात्री ती दुरून दिसायची ते वेगळंच.

इंग्रजांकडे चकमकीची बंदूक होती. घोड्याच्या तोंडात गारगोटी, समोर पोलादी पट्टी. चाप ओढला की गारगोटी पट्टीवर घासली जाऊन ठिणगी पडते. वात नाही, त्यामुळे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात. कागदी काडतूस दाताने फाडायचं, रंजक घालायचं, उरलेली दारू आणि शिशाची गोळी नळीत टाकायची, गजाने ठासायचं, बार. तयार शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. नेम फार लांबचा नव्हता, शंभर पावलांच्या पुढे सगळा नशिबाचा खेळ. पण समोर पाचशे नळ्या एकदम सुटल्या की नेम धरायची गरजच काय?

(ही बंदूक रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पीळ कोरलेले असतात, गोळी फिरत जाते म्हणून नेम लांबवर लागतो. पण पिळात गोळी घट्ट बसवायला वेळ लागतो, म्हणून तेव्हाच्या फौजा सपाट नळीच वापरायच्या.)

अशी बंदूक बनवायची कशी? लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, मग आतून कोरून सारखी करायची. मागचं तोंड आट्यांच्या बुचाने बंद करायचं, बाजूला कानाचं भोक पाडायचं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी फुटते का ते आधी बघायचं, शिपायाच्या हातात द्यायच्या आधी. दस्ता कोरताना नळीला काजळी लावून ती लाकडावर टेकवायची, जिथे काळं उमटेल तिथे लाकूड थोडं थोडं काढायचं, असं शंभर वेळा.

खरी मेख असते ती चापात. त्याच्या स्प्रिंगला पाणी नीट बसलं नाही तर ती एकतर मोडते नाहीतर वाकते. पोलादी पट्टी मऊ राहिली तर ठिणगीच पडत नाही. आणि त्या काळात एका बंदुकीचा भाग दुसरीला बसत नसे, प्रत्येक जोड कानशीने घासून जुळवावी लागे. म्हणून परदेशी बंदूक विकत घेऊन भागत नाही. ती बिघडली की दुरुस्त करणारा हाताशी लागतो. तो नसला तर तिची काठी होते.

महादजींनी हे ओळखलं, आणि त्यांना हवी ती दोन माणसं त्यांच्याच शत्रूच्या घरात सापडली.

ग्वाल्हेर गेल्यावर इंग्रजांनी तो किल्ला गोहदच्या राण्याला दिला होता. १७८३ मध्ये महादजी तो परत घ्यायला वेढा घालून बसले होते. राण्याकडे एक कवायती पलटण होती आणि तिचा कप्तान होता सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस. त्याच सुमाराला बनवा डी बॉयन नावाचा एक फिरस्ता तिकडून चालला होता. सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा, चामड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. फ्रान्सची चाकरी केलेला, रशियाची केलेली, तुर्कांच्या कैदेत पडलेला, मद्रासला कंपनीच्या फौजेत राहून सोडलेला. महादजींच्या माणसांनी वाटेत त्याचं सामान पळवलं. चिडून त्याने राण्याला निरोप धाडला की मी तुम्हाला फौज उभी करून देतो, महादजींचा वेढा उठवतो. राण्याने विश्वास ठेवला नाही. उलट हा बेत महादजींच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली.

दुसरा एखादा सरदार असता तर त्याने डी बॉयनचं मुंडकं मागितलं असतं. महादजींनी त्याला नोकरीवर ठेवलं!

१७८४ चा करार असा होता: दोन पलटणी, प्रत्येकी साडेआठशे माणसं, माणशी महिना ८ रुपये, आणि डी बॉयनला स्वतःला १००० रुपये. गोहद पडल्यावर मोकळा झालेला सँगस्टरही आला. त्याच्याकडे आग्र्याचा कारखाना सोपवला. तो तोफा ओतायचा आणि बंदुका बनवायचा. लोखंडाच्या खाणी ग्वाल्हेरच्या मुलखात होत्या, लोहार-सुतार-ओतारी इथलेच होते. युरोपातल्या बंदुकीच्या तोडीची बंदूक तिथे १० रुपयांत तयार होत असे, अशी नोंद इंग्रजांच्याच इतिहासकारांनी करून ठेवली आहे. एका शिपायाच्या महिन्याच्या खर्चापेक्षा फक्त दोन रुपये जास्त. पुढे मथुरा, दिल्ली, ग्वाल्हेर, काल्पी आणि गोहदलाही शस्त्रांची कोठारं झाली.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. तोडेदार बंदूक वापरणारे नजीब पलटणीतले शिपाई होते, त्यांची बंदूक फेकून दिली नाही. तिलाच संगीन बसवून दिली. हाताशी आहे ते आधी कामाला लावायचं, हा महादजींचा खाक्या.

डिसेंबर १७८४ मध्ये बादशाहाने त्यांना वकील-ए-मुतलक केलं, म्हणजे बादशाहीचा सगळा कारभार त्यांच्या हातात आला. आणि कारभाराबरोबर रिकामी तिजोरीही आली. पगार थकले. जुलै १७८७ मध्ये जयपूरवाल्यांशी लालसोटला गाठ पडली तेव्हा बादशाही फौजेतल्या पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. त्या सगळ्या गोंधळात डी बॉयनच्या दोन पलटणी जागच्या हलल्या नाहीत. राठोडांचे स्वार अंगावर आले तेव्हा त्यांनी चौकोन करून तो हल्ला झेलला.

पुढचं वर्ष महादजींच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. दिल्ली हातची गेली. १० ऑगस्ट १७८८ ला गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरला पकडून ठार केलं आणि आंधळ्या बादशाहाला पुन्हा तख्तावर बसवलं. या दरम्यान डी बॉयन फौज वाढवून मागत होता. महादजी पैशामुळे तयार नव्हते, तेव्हा तो नोकरी सोडून लखनौला व्यापार करायला गेला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावलं, आणि या वेळी दोन नाही, दहा पलटणी दिल्या. या दहा पलटणींच्या फौजेला म्हणायचे कंपू.

२० जून १७९० ला पाटण, १० सप्टेंबर १७९० ला मेडता. एकाच पावसाळ्याच्या दोन टोकांना कंपूने जयपूर, जोधपूर आणि इस्माईल बेग यांचा जोर मोडला. मेडत्याला राठोड स्वार पुन्हा पुन्हा चौकोनावर येऊन आदळले आणि संपले. त्यांचं शौर्य राजस्थानात आजही सांगतात. समोरचे शिपाई काय करत होते? काडतूस फाडत होते, ठासत होते, बार काढत होते. त्यांच्यावर कोणी पोवाडे रचले नाहीत.

महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्याला आले. बादशाही फर्मानाचा मोठा दरबार झाला आणि त्यात उत्तर हिंदुस्थान हलवणारा हा माणूस पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचा आपला घराण्याचा मान सांगत उभा राहिला. स्वतःला पाटील म्हणवून घ्यायची त्यांना हौस होती. पुणेकर मुत्सद्द्यांना हा नम्रपणा आहे की डाव आहे ते कळेना. बहुतेक दोन्ही असावं. याच महादजींनी कृष्णभक्तीची पदंही रचली आहेत.

ते पुण्यात असतानाच, १७९३ च्या जूनमध्ये, राजस्थानात लाखेरीला त्यांचा कंपू लढला. समोर तुकोजी होळकर होते आणि होळकरांच्याही चार कवायती पलटणी होत्या, त्यांचा कप्तान फ्रेंच दुद्रनेक. दोन्हीकडे मराठी निशाण, दोन्हीकडे विलायती कप्तान, दोन्हीकडे संगिनी. दारूगाड्यांचा स्फोट झाला, होळकरांच्या पलटणी जवळपास कापल्या गेल्या. डी बॉयनच्या मते त्याने पाहिलेली ही सर्वात कडवी लढाई होती.

मला विचाराल तर आग्र्याच्या बंदुकांचा हा सगळ्यात वाईट दिवस.

१२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. मुलगा नव्हता. भावाचा नातू दौलतराव गादीवर आला, तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. डी बॉयन १७९५ च्या अखेरीस तब्येतीचं कारण देऊन निघून गेला आणि कंपू पेराँ नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातात आला.

महादजींकडून एक गोष्ट राहून गेली होती. बंदूक त्यांनी इथली केली, शिपाई इथला केला, कारागीर इथला केला. पण पलटणीचा कप्तान बाहेरचाच राहिला. नकाशा, हिशोब, हुकूम सगळं त्याच्याकडे. मराठी पोरांना ते शिकवणारी शाळा निघाली नाही. महादजी जिवंत असेपर्यंत ते चाललं, कारण या कप्तानांना त्यांचा धाक होता आणि विश्वासही.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू होताना इंग्रजांनी जाहीरनामा काढला की मराठ्यांच्या चाकरीतल्या अधिकाऱ्यांनी आमच्याकडे यावं, त्यांची सोय लावू. पटापट माणसं फुटली. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला आणि पेराँ इंग्रजांकडून वाट मागून निघून गेला. ऑक्टोबरमध्ये आग्रा गेलं, कारखान्यासकट.

२३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीशी गाठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मारली किंवा जखमी केली. लढाई हरली. जवळपास शंभर तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या आणि त्या बघून तो चकित झाला, कारण त्या इथे ओतलेल्या होत्या आणि कोणत्याही युरोपियन तोफेपुढे कमी नव्हत्या. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला.

१ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवारीला तर कंपूचे शिपाई जवळजवळ विलायती कप्तानांशिवायच लढले. इंग्रज सेनापती लेकने कळवलं की यांच्याकडे चांगले अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. त्या पलटणी पळाल्या नाहीत, तोफांजवळच पडल्या.

मग लढाई विदर्भात आली. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडे अडगावला, १५ डिसेंबरला गाविलगडावर. तेव्हा भंडारा ज्यांच्या राज्यात होतं त्या नागपूरकर भोसल्यांनाही तह करावा लागला. ३० डिसेंबर १८०३ ला अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीला दौलतरावांच्या वतीने तहावर सही झाली. त्या तहात एक कलम असं होतं की शिंद्यांनी यापुढे फ्रेंच किंवा इंग्रजांच्या शत्रुदेशाच्या माणसाला नोकरीत ठेवायचं नाही.

डी बॉयन तेव्हा युरोपात होता. त्याने शांबेरीत दवाखाने आणि धर्मादाय कामांना पैसा दिला आणि १८३० मध्ये तो वारला. गावाने त्याच्या नावाने कारंजं बांधलं, त्यात चार हत्ती आहेत. तिथले लोक फोटो काढतात.

ग्वाल्हेरमध्ये लष्कर भागात कंपू नावाची वस्ती अजून आहे. आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना धरून राहणाऱ्या टोळक्याला कंपू म्हणतो, तो शब्दही छावण्यांच्या याच काळातून आलेला.